खर्जाचा बिघाड

सात महिने आम्ही चुकीच्या पेटीत बिघाड शोधत होतो. 'आम्ही' म्हणतो खरा, पण ती आपलं पाप वाटून हलकं करायची युक्ती आहे. पेटी मी दाखवली होती. बाकीचे नुसते माझ्या बोटाच्या दिशेने बघत होते.

पेटी म्हणजे खर्जाचा ट्रान्समीटर, आणि खर्ज म्हणजे माझा मित्र. आयुष्यभर त्याने रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. आवाज असा भरदार, खालच्या पट्टीतला, की सगळी दुनिया त्याला खर्जच म्हणायची. खरं नाव त्याच्या बायकोलाही जरा आठवून सांगावं लागे. त्याने 'गाडी चार तास उशिरा धावत आहे' म्हटलं की लोक चिडायचं सोडून पुन्हा एकदा ऐकायला थांबायचे. एक म्हातारा तर रोज नुसता ऐकायला यायचा, त्याला कुठेच जायचं नसे. थाप वाटत असेल तर स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला विचारा. तोही हेच सांगेल. त्याला मीच सांगितलंय.

मग स्टेशनात यंत्र आलं. कुणा बाईने कुठेतरी एकदाच सगळे आकडे बोलून ठेवले, ते जोडून यंत्र घोषणा करायला लागलं, आणि खर्ज घरी बसला. तेव्हापासून त्याच्या आवाजाला एकच जागा उरली, हौशी रेडिओ, म्हणजे परवाना काढून घरूनच हवेत बोलायचा छंद. रोज सकाळी साडेदहाला तो आपला जुना ट्रान्समीटर तापवायचा आणि बोलायचा. तो आवाज गेला असता तर त्याच्यापाशी दुसरं काय होतं? पेन्शन, बायको आणि गुडघे. त्यातलं बायको सोडून कशाचंच त्याला कौतुक नव्हतं.

बैठक आमची तिघांची. खर्ज त्याच्या घरातून, घड्याळजी त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून, मी माझ्या माळ्यावरून. तीन वेगळी गावं. मी जन्मभर वाद्यं सुरात लावली, म्हणून मला कानसेन म्हणायचे. मला ते आवडायचंही. हे नाव किती महागात पडणार आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.

बैठकीचे नियम दोन. बोलून झालं की प्रत्येकाने विचारायचं, 'रिपोर्ट?' आणि बाकीच्यांनी त्याचा आवाज हवेतून कसा आला ते खरं सांगायचं. गोड बोलायचं नाही. घरघर आली तर घरघर, नाकातून आला तर नाकातून. दुसरा नियम खर्जाने स्वतः केला होता: दुखण्याखुपण्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तो म्हणायचा, "तीन म्हातारे एकत्र आले की साखर आणि बद्धकोष्ठ सुरू होतं. आपण रेडिओवर बोलतोय, दवाखान्याच्या बाकावर नाही." नियम मोडणाऱ्याने एक दिवस गप्प बसायचं. घड्याळजी एकदा कंबरेबद्दल अर्धं वाक्य बोलून गेला आणि दुसऱ्या दिवशी गप्प राहिला. आम्हाला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आता त्या पेटीबद्दल. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा सेट. कपाटाएवढा. दोघांनी उचलायचा म्हटलं तर शिव्या द्यायला तिसरा लागतो. हे सेट ज्यांनी बनवले त्यांना गोड आवाज नको होता, दूरवर शब्द पोचायला हवा होता. म्हणून त्यांनी आवाजाचा तळ कापला, वरची धार कापली, आणि मधला चिमटीएवढा भाग ठेवला. अशा सेटवर बोललं की राजाही सर्दी झालेल्या शिपायासारखा ऐकू येतो. आम्ही दोघांनी मिळून तो सुधारला. म्हणजे मी इथून सांगायचो, तो तिथे कथलाचा डाग द्यायचा. माइकपासून व्हॉल्व्हपर्यंत आवाज ज्या ज्या कंडेन्सरमधून जातो ते सगळे मोठे घातले, म्हणजे तळाला वाट मिळाली. धार मारणारे छोटे कंडेन्सर उपटून टाकले. दोन वर्षं लागली. शेवटी असा आवाज निघाला की त्याने तिकडे 'नमस्कार' म्हटलं की इकडे माझा कप बशीत अर्धा इंच सरकायचा. घड्याळजी म्हणतो पाव इंच. त्याचं माप धरा, त्याला बारीक बघायची सवय आहे.

बोलताना खर्ज कानांवर हेडफोन चढवून बसायचा आणि हवेत गेलेला आपलाच आवाज परत ऐकायचा. वर्षानुवर्षं त्याने स्वतःला ऐकलं ते असंच, तारेतून.

फेब्रुवारीत एके दिवशी त्याने विचारलं, "रिपोर्ट?"

घड्याळजी म्हणाला, "उत्तम."

मी म्हटलं, "थांब. तळाशी वाळू आहे."

"कसली वाळू?"

"अगदी खालच्या पट्टीत उतरलास की दोन कण घासल्यासारखं होतंय. कंडेन्सर गळतोय तुझा."

"तुला दोन कण ऐकू आले?" घड्याळजी हसला. "कानसेन, उद्या तू सांगशील की त्याने आज दाढी केली नाही."

"केली नाहीये," खर्ज म्हणाला. "पण वाळू मलाही ऐकू येतेय. हेडफोनमध्ये."

त्याने कंडेन्सर बदलला. सेट उघडणं, तो जड सांगाडा बाहेर ओढणं, सगळं परत बसवणं, यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. मी फुशारलो. घड्याळजीने जाहीर माफी मागितली.

पंधरा दिवसांनी वाळू परत आली.

या वेळी आणखी एक गंमत होती. गंमत म्हणजे तेव्हा वाटली. वाक्याच्या शेवटी आवाज खचायचा, जिन्याची शेवटची पायरी नसल्यासारखा. मी म्हटलं, व्हॉल्व्हची जोडी विजोड झालीय, एक म्हातारा झालाय, दुसरा त्याला ओढतोय. खर्जाने नवी जोडी मागवली. आठवडा गेला. आठवड्यानंतर आवाज पुन्हा सुरेख. दहा दिवसांनी पुन्हा तेच, आणि थोडं जास्त.

आता तुम्ही म्हणाल, अहो, साधी परीक्षा होती. माइक काढायचा, यंत्राचा शुद्ध सूर आत सोडायचा, बाहेर तसाच निघतो का बघायचं. केली ना! एप्रिलमध्ये केली. सूर असा निघाला की लहरी दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर बोट ठेवायला जागा नाही. दुसरा कुणी असता तर तिथेच समजला असता. पण मी कानसेन. मी म्हटलं, "सूर साधा असतो, बोलणं अवघड असतं. बिघाड लबाड आहे, सुरासमोर लपतोय. बोलताना वजन पडलं की बाहेर येतो." दोघांना ते इतकं पटलं की घड्याळजीने ते वाक्य कागदावर लिहून दुकानात लावलं.

मे महिन्यात खर्जाच्या आवाजात दोन आवाज झाले. एकाच वेळी. 'आज' म्हणाला की एक खर्ज 'आज' म्हणायचा आणि त्याच्या मागे, थोडा वर, कुणी पातळसा माणूस तोच शब्द म्हणायचा. मी माळ्यावर एकटाच होतो, भर सकाळ होती, ऊन होतं, आणि माझ्या हातावर काटा आला. खुर्ची मागे सरकवून मी रिसीव्हरकडे बघत राहिलो. मग स्वतःला दटावलं आणि माइक उघडला.

"ट्रान्सफॉर्मर," मी म्हटलं. "आतल्या आत ठिणगी पडतेय."

हा त्या सेटमधला सगळ्यात मोठा तुकडा, भरलेल्या हंड्याइतका जड. आवाज त्यातूनच हवेवर चढतो. तो सहजी मिळत नाही. घड्याळजीने कुठल्याशा विधवेच्या माळ्यावरचा सेट शोधून त्यातला पाठवला. यात तीन आठवडे गेले. तीन आठवडे खर्ज घरात बसून वाट बघत होता.

मधेच वहिनींचा फोन आला. खर्ज स्वतः फोन करत नसे, फोनला तो डबडं म्हणायचा.

"भावजी, यांचा घसा बसलाय हो. महिना झाला."

"ओरडून बसलाय, वहिनी. सेट दबलाय ना, म्हणून जोर लावत होता. ट्रान्सफॉर्मर येऊ दे, मग कुजबुजला तरी चालेल."

"तुम्ही म्हणताय तर असेल," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्या कथलाच्या धुराने झालं असेल. मी मिठाच्या गुळण्या देतेय."

"द्या की. गुळण्यांनी कुणाचं वाईट झालंय?"

हा संवाद मला आजही पाठ आहे. विसरायचा प्रयत्न करून पाहिला. माझे कान काही सोडत नाहीत.

नवा ट्रान्सफॉर्मर बसला आणि खर्ज परतला. तीन आठवड्यांनी. आवाज जवळजवळ जुन्यासारखा! घड्याळजी हवेतच टाळ्या वाजवायला लागला. मी म्हटलं, "बघ, सापडला की नाही?" खर्ज त्या दिवशी सव्वा तास बोलला. जुन्या गाड्यांची सगळी वेळापत्रकं त्याने एकामागून एक म्हणून दाखवली, बंद पडलेल्या गाड्यांसकट. पाऊण तासानंतर वाळू सुरू झाली. तास झाला तेव्हा तो पातळ माणूस आला. शेवटी शेवटी नुसता वारा येत होता आणि त्यात कुठेतरी गाड्यांची नावं.

"रिपोर्ट?" असं त्याने विचारल्याचं मला नीट ऐकूच आलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

जून, जुलै, ऑगस्ट. मी सांगत गेलो, तो बदलत गेला. रेझिस्टर, तारा, व्हॉल्व्हची खोबणी. त्या पेटीत मूळचं असं लोखंडी खोकं सोडून काही उरलं नाही. दर वेळी दोन-चार दिवस सेट बंद, दर वेळी नंतर थोडी सुधारणा, आणि दर वेळी ती सुधारणा आधीपेक्षा कमी. ऐकणारे वीस-पंचवीस जण असायचे, ते एकेक करून गळाले. घड्याळजी एकदा म्हणाला, "त्या पेटीला कुणाची नजर लागलीय." मी हसलो. पण त्या दिवसापासून साडेदहा वाजायला आले की मी रिसीव्हरचा आवाज आधीच कमी करून ठेवायचो. त्याचा कॅरिअर, म्हणजे बोलण्याआधीची मुकी लहर, चढला की रिसीव्हरमधली खरखर एकदम बंद होते, दार लोटल्यासारखी, आणि मग पुढे कोण बोलणार याची मला भीती वाटायची.

सप्टेंबरात उरला होता फक्त माइक. तोही बदलला. साडेदहाला कॅरिअर चढला, खोलीभर शांतता पसरली, आणि बाईचा आवाज आला.

"भावजी? ऐकू येतंय का हो? हे म्हणतात, आधी तू बोल. सकाळपासून यांचा घसा फारच धरलाय. काय बोलू? नवीन माइक आहे. माझा चष्मा कुठे गेला... हं, हा इथे."

चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आधी काडी, मग काच. वहिनींच्या बोलण्यातला एकेक श्वास वेगळा काढता येत होता. दोन वर्षं आम्ही जो आवाज घडवला होता तो हा. तसूभरही कमी नाही.

"सापडला!" मी ओरडलोच. "माइक होता! सात महिने माइक होता! वहिनी, द्या त्याला, द्या लवकर."

खुर्ची सरकली. मग खडीवरून पोतं ओढत न्यावं तसं काहीतरी आलं. त्यात शब्द होते, पण ते ओळखायला मला सबंध सेकंद लागला.

"हॅलो. कानसेन. रिपोर्ट?"

तोच सेट. तोच माइक. तेच मिनिट.

माझ्या डोक्यात दुरुस्त्या मागे मागे जायला लागल्या. कंडेन्सर, तीन दिवस. व्हॉल्व्ह, आठवडा. ट्रान्सफॉर्मर, तीन आठवडे. जितके दिवस जास्त तितकी सुधारणा मोठी. त्या दिवसांत पेटीचं काय झालं होतं ते सोडा. त्या दिवसांत तो बोलला नव्हता. घशाला विश्रांती मिळत होती आणि आम्ही कंडेन्सरचं अभिनंदन करत होतो.

"कानसेन, आहेस का?"

"आहे."

"मग रिपोर्ट दे की."

"सेट निर्दोष आहे," मी म्हटलं.

"मग हे काय ऐकू येतंय?"

"डॉक्टरकडे जा. घशाच्या. आज जा."

मग घड्याळजीने आपलं बटण दाबलं. "नियम मोडला रे याने," तो म्हणाला, पण हसणं त्याला जमलं नाही.

खर्ज म्हणाला, "मोडला. उद्या गप्प बस, कानसेन." आणि सेट बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी गप्प बसलो, कारण मी गाडीत होतो. दुपारी त्याच्या दारात उभा राहिलो. वहिनींनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकते एवढंच म्हणाल्या. तो आतल्या खोलीत होता. सेट उघडा, ट्रान्सफॉर्मर पायापाशी, हातात पान्हा. मानेला मफलर होता, पण त्या खोलीत मफलर लागावा अशी थंडी नव्हती. तीन वर्षांत मी त्याला पाहिलं नव्हतं. गाल आत गेले होते.

त्याने मला पाहून पान्हा हलवला. म्हणजे बस.

मी बसलो नाही. भिंतीशी गेलो आणि सेटचा प्लग उपटला. त्याच्या समोर धरला.

"आता बोल."

त्याने मान हलवली.

"बोल ना. काही मध्ये नाही. ना कंडेन्सर, ना माइक. तू आणि मी. बोल, आणि तूच रिपोर्ट दे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खिडकीकडे. आणि जुन्या सवयीने, पाठ ताठ करून, त्याने घोषणा सुरू केली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." एवढंच. ते ऐकून स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मग त्याने मफलर सोडला, दोन बोटं मानेच्या डाव्या बाजूला नेली आणि मला दाखवलं. तिथे सुपारीएवढी गाठ होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने खांदे उडवले. मग म्हणाला, "हेडफोनच्या तारेने घासतंय वाटलं."

घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून आत पाहिलं, पडद्यावर आम्हालाही दिसलं. मी दुसरीकडे पाहिलं. वहिनींनी सगळं पाहिलं. मग बाई टेबलाशी बसल्या आणि त्यांनी विचारलं, "आवाज बदलल्याचं पहिल्यांदा कधी जाणवलं? अंदाजे सांगा. लोकांना नक्की आठवत नाही, मला माहीत आहे."

वहिनींनी पिशवीतून वही काढली. रेडिओवाल्याला रोजची नोंदवही ठेवावीच लागते; खर्ज ती स्टेशनच्या शिस्तीने ठेवायचा. तारीख, वेळ, रिपोर्ट, काय बदललं. चार रकाने, रेघा मारलेले. बाईंनी सहज म्हणून पान उलटलं आणि मग त्या वाचायलाच लागल्या.

"नऊ फेब्रुवारी. खालच्या पट्टीत वाळू, दोन कण." त्यांनी वर पाहिलं. "अठ्ठावीस फेब्रुवारी. वाळू परत. वाक्याच्या शेवटी आवाज खचतो. अकरा मे. एका वेळी दोन आवाज, दुसरा वरच्या पट्टीत." त्या पानं उलटत राहिल्या. शेवटचं पान आलं तेव्हा त्यांनी वही मिटली नाही, तिच्यावर हात ठेवला. "हे कुणी ऐकलं?"

"मी," मी म्हटलं. "रेडिओवर."

"वाळू म्हणजे तुम्हाला खरंच इतकी बारीक खरखर ऐकू आली? फेब्रुवारीत?"

"आली."

"असं वर्णन मी आजवर पुस्तकातच वाचलं होतं," त्या म्हणाल्या. मग, माझ्याकडे न बघता: "फेब्रुवारीत ही वाढ स्वरतंतूवर एका टोकाला असणार. अर्ध्या तासाचं काम होतं. आता स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. त्यानंतरचं मी आज सांगू शकत नाही, गाठीत काय निघतं त्यावर आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

खर्ज बाईंच्या हातातून वही आपल्याकडे ओढत होता. त्याने त्यांच्यापुढचं पेन उचललं. नव्या ओळीवर तारीख घातली. घड्याळ बघून वेळ घातली. रिपोर्टच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, 'बिघाड सापडला.' मग 'काय बदललं' या रकान्यापाशी तो थांबला, हसला, अगदी स्टेशनवरचा जुना खर्ज हसायचा तसा पण आवाजाशिवाय, आणि वही व पेन दोन्ही त्याने डॉक्टरीणबाईंकडे सरकवली.

त्यांनी पेन घेतलं. बराच वेळ ते त्यांच्या हातातच होतं.